सनरूफच्या शेडला पोट सुटलं होतं

गाडी घेताना सनरूफ पाहिजे म्हणून घेतली नव्हती, ते तिच्यासोबत आलं. २०१२ चं मॉडेल, मी २०१९ मध्ये सेकंडहँड घेतली, पेट्रोल सेदान. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही कारण दोष तिचा नाहीच, दोष आमच्या नागपूरच्या उन्हाचा आहे. नागपुरात सनरूफ म्हणजे टकल्याच्या खिशातला कंगवा. चार महिने उन्हामुळे उघडायची सोय नाही, चार महिने पावसामुळे, आणि उरलेल्या चार महिन्यांत रस्त्याची कामं सुरू असतात म्हणून धूळ. तरी पहिल्या वर्षी हिवाळ्यात रामटेकला जाताना उघडलं होतं, पोरं खूश, मीही खूश, नंतर विसरलो.

सनरूफच्या काचेच्या खाली जो सरकवायचा पॅनल असतो ना, छताच्याच रंगाचं कापड लावलेला, बोट घालून मागे ढकलायचा, त्याला मी इथे शेड म्हणतोय. त्या शेडचं कापड दोनेक वर्षांपूर्वी मध्यभागी थोडं सुटलं. आधी रुपयाएवढा फुगा, मग पुरीएवढा, मग एका उन्हाळ्यात पूर्ण पोटच सुटलं. शेड मागे ढकलायला गेलं की ते लोंबतं कापड मागच्या कडेला गोळा व्हायचं आणि शेड अर्ध्यावर अडकायची. त्याहून वाईट म्हणजे वरून पिवळट-तपकिरी भुसा गळायला लागला. वर्ध्याला एका लग्नाला पांढरा शर्ट घालून गेलो, उतरलो तर बायको खांदा झटकत म्हणाली, "अहो, तुमच्या डोक्यात एवढा कोंडा कधीपासून झाला?" कोंडा नव्हता, गाडीचं छत होतं.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला, टाचण्या. आईच्या शिलाईच्या डब्यातल्या मोत्याच्या डोक्याच्या टाचण्या मागितल्या तर ती म्हणाली, "काहून रे, आता गाडीच्या छताले पण टाके घालायचे का?" बारा टाचण्या तिरक्या खुपसल्या, आठ दिवस बरं दिसलं, मग टाचण्यांच्या मधमध छोटी छोटी पोटं सुटली, गादीवर बटणं लावतात तसं. एक टाचणी तर गड्ड्यातून जाताना थेट माझ्या मांडीवर पडली.

दुसरा उपाय, इंजेक्शनच्या सुईने आत गम सोडणे. हा व्हिडिओत फार सोपा दिसतो. करू नका. का करू नये ते मला शेड उघडल्यावर कळलं म्हणून आधीच सांगून टाकतो. कापड आणि आतली फळी यांच्यामध्ये फोमचा पातळ थर असतो, कापडाच्याच पाठीला चिकटवून आलेला. आपल्याला वाटतं गम सुटला, पण गम कुठेच जात नाही, तो फोमच मरतो. पॉलियुरेथेनचा फोम असतो हा, त्याला उष्णता आणि दमट हवा दोन्ही मिळाल्या की तो आतून तुटत जातो, आधी चिकट होतो आणि मग त्याचा भुगा होतो. आमच्याकडे मे महिन्यात भाजायचं आणि जुलैत वाफवायचं, असं दहा-बारा वर्षं केलं की कुठला फोम टिकेल. शेड तर काचेच्या अगदी खाली, म्हणजे सगळ्यात आधी तीच जाणार. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली, नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आमच्या आईचं अजूनही मत आहे की सेन्सर बरोबर होता. तर मुद्दा असा की कापड चांगलं असतं, फळी चांगली असते, मधला माणूस मेलेला असतो. मग वरून कितीही गम सोडा, तो भुग्याला चिकटणार आणि भुगा कशालाच नाही.

सर्व्हिस सेंटरला विचारलं तर म्हणे शेड सुटी येत नाही, पूर्ण सनरूफची असेंब्ली बदलावी लागेल, लेबर धरून ४६ हजार. गाडीची आजची किंमत बघता मला हसूच आलं. मग एका सीटकव्हरवाल्याकडे गेलो, त्याने वर बघितलं, बोटाने कापड दाबलं, बोटाला लागलेला भुगा माझ्याच सीटला पुसला आणि म्हणाला, "साडेतीन हजार. पण पॅनल निकाल के लाओ भैया, निकालना अपना काम नहीं." म्हणजे अवघड अर्धं मीच करायचं. मग म्हटलं उरलेलं अर्धं पण मीच करतो.

फेब्रुवारी निवडला. या कामासाठी महिना महत्त्वाचा आहे, हसू नका. छताला दोन-अडीच फुटांचं भोक पडलेलं असणार म्हणजे पाऊस नको, दमट हवेत गम नीट सुकत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये गम लावता लावताच वाळतो. तरी आमच्याकडे फेब्रुवारीत अवकाळी येतोच, गारासुद्धा पडतात, म्हणून ताडपत्री आणि दोरी आधीच काढून ठेवली होती. लागली नाही, पण तीन रविवार सारखं आकाशाकडे बघत होतो.

हो, तीन रविवार. एका रविवारी होईल असं मी घरी सांगितलं होतं.

पहिला रविवार काढण्यात गेला. आधी एक सांगतो, हे सगळं जुन्या पद्धतीच्या कडक शेडबद्दल आहे. हल्लीच्या गाड्यांना मोठ्या काचेचं पॅनोरॅमिक असतं, त्यात बऱ्याचदा कापडाची गुंडाळी असते, स्प्रिंगवाली, दुकानाच्या शटरसारखी. ती उघडायच्या फंदात पडू नका, तो वेगळाच प्रकार आहे.

शेड खालून, म्हणजे गाडीत बसून ओढून निघत नाही, हे कळायला मला पाऊण तास लागला. ती काचेच्या खालच्या रेलमध्ये अडकलेली असते, म्हणून आधी काच काढावी लागते, आणि शेड वरून, छताच्या भोकातून बाहेर येते. काच मागून वर उचलायची, टिल्ट म्हणतात ती पोझिशन. मग आतून दोन्ही बाजूंना काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या दिसतात, त्या फक्त दाबून बसवलेल्या असतात. त्याखाली माझ्या गाडीत दोन्हीकडे तीन-तीन स्क्रू होते, स्टारचे म्हणजे टॉर्क्स, टी-२५ मापाचे. साध्या स्क्रू ड्रायव्हरने चालवून घेऊ असा विचार मनात आला होता, पण स्टारचं डोकं एकदा घासलं की तो स्क्रू जन्मभर तिथेच, म्हणून बिट सेट आणला. दोन कामं स्क्रू ढिले करायच्या आधी करा. एक, सनरूफचा फ्यूज काढा, कारण बोटं आत असताना पोराने बटण दाबलं तर काय होईल याचा विचारही नको. दोन, प्रत्येक स्क्रू ज्या जागी बसलाय तिथे मार्करने रेघ मारा. ती भोकं गोल नसतात, लांबट असतात, काच वरखाली करता यावी म्हणून. रेघ नसेल तर परत बसवताना अंदाजच बांधत बसाल.

काच उचलायला शेजारचे काका आले. मी आतून दोन्ही तळव्यांनी ढकलायची आणि त्यांनी बाहेरून धरायची असं ठरलं. वाटते त्यापेक्षा बरीच जड असते. आणि ही काच मध्यभागी दणकट पण काठाला नाजूक, कोपरा फरशीला टेकला तर एका क्षणात साबुदाणा होईल. म्हणून जुनी गोधडी अंथरून त्यावर भिंतीला टेकवून ठेवली आणि पोरांना त्या खोलीत जायची बंदी.

मग शेड पुढे ओढली. तिला चार प्लॅस्टिकचे पाय असतात, ते बाजूच्या खाचेत सरकतात, आतमध्ये पत्र्याची छोटी स्प्रिंग. पाय आतल्या बाजूला दाबायचा, फळी किंचित वाकवायची आणि एक बाजू उचलून घ्यायची. पुढचे दोन छान सुटले. मागचा डावा सुटेना, जरा जोर लावला, टक्. तो आवाज ऐकून काका "काही नाही, काही नाही" म्हणाले, म्हणजे झालं होतं. बारा उन्हाळे बघितलेलं प्लॅस्टिक आहे, पापड झालेला असतो त्याचा. पायाचा एक कान तुटला. तो पडलेला तुकडा मी सीटखाली हात घालून शोधला आणि संध्याकाळी फेविक्विक आणि खायच्या सोड्याने जोडला. हा जुगाड माहीत नसेल तर सांगतो, तुकडा जागेवर धरून फेविक्विकचा एक थेंब, त्यावर चिमूटभर सोडा, क्षणात दगडासारखं होतं, परत थेंब, परत सोडा. मग कानसीने घासून आकार दिला. अजून टिकलाय.

आता खरं काम. कापड धरून ओढलं तर कांद्याच्या सालीसारखं सगळं एका झटक्यात निघालं, मला वाटलं वा, झालंच की. खाली बघतो तर फळीवर मेलेल्या फोमचा थर, गुळाच्या ढेपेचा चुरा पडावा तसा रंग, हात लावला की चिकट. माझी पहिली अक्कल म्हणजे थिनर. कापसाच्या बोळ्याने थिनर लावलं आणि त्या भुग्याचं च्युइंगगम झालं, बोळा फळीला, फळी हाताला, हात बनियनला. थिनर नको, पेट्रोल तर अजिबात नको, पाणी पण नको कारण आतली फळी दाबलेल्या तंतूंची असते, पुठ्ठ्याची मोठी बहीण, ती पाणी पिते आणि फुगते.

जे चाललं ते म्हणजे कपडे धुवायचा साधा नायलॉनचा ब्रश. कोरडा. गच्चीवर, तोंडाला मास्क, वाऱ्याकडे पाठ. तारेचा ब्रश घेऊन बघितला एका कोपऱ्यात, तर फळीचे तंतूच उपटायला लागला, ठेवून दिला. नायलॉनच्या ब्रशने गोल गोल घासायचं, भुगा झटकायचा, परत घासायचं. जिथे चिकट राहिलंय तिथे तळव्याने चोळलं की मळाच्या वळ्या निघतात ना तशा वळ्या निघतात. अडीच तास लागले. मध्येच आई वर आली, ती वाटीएवढी भुग्याची रास बघून म्हणाली, "हे सगळं तू श्वासातून घेत होता का इतके दिवस?" मी उत्तर दिलं नाही. फळी कधी साफ झाली म्हणायची, तर बोट ओढल्यावर बोटाला काही लागलं नाही की. ह्यात आळस केला तर पुढचं सगळं फुकट, नवा गम परत भुग्यालाच चिकटेल. तीन रविवारांतले हे अडीच तासच खरं म्हणजे पूर्ण काम होतं असं मला आता वाटतं, बाकी सगळं शिवणकाम.

एक गडबड होता होता वाचली. फळी जमिनीवर ठेवली तर मध्ये थोडी उचललेली, डुगडुगते. आई म्हणे वाकली आहे, गव्हाच्या डब्याखाली ठेव रात्रभर, सरळ होईल. मी उचलून नेलीसुद्धा होती. मग डोक्यात आलं की गाडीचं छतच सपाट नाही, बाक आहे त्याला, शेड त्याच बाकाची असणार. सरळ केली असती तर रेलमध्ये बसलीच नसती.

मधल्या आठवड्यात काच परत लावून शेडशिवाय गाडी चालवली. दुपारी सिग्नलला उभं राहिलं की टाळूवर इस्त्री ठेवल्यासारखं व्हायचं, टोपी घालून ऑफिसला जात होतो.

त्याच आठवड्यात गमाची परीक्षा घेतली. याबद्दल मला माझं स्वतःचं कौतुक आहे. हार्डबोर्डच्या तुकड्यावर कापडाच्या तीन पट्ट्या चिकटवल्या, एक पांढऱ्या गमाने, एक स्टेशनरीच्या दुकानातल्या स्प्रेने, एक सुतार सनमायकाला लावतात त्या पिवळ्या रबरी गमाने, मी फेविकॉल एसआर ९९८ घेतला होता. प्रत्येक पट्टीच्या टोकाला एक-एक नट बांधला आणि बोर्ड उलटा करून बंद गाडीत, उन्हात, मागच्या काचेपाशी टांगला. स्प्रेवाली दुसऱ्या दुपारी खाली. पांढऱ्याची पट्टी चौथ्या दिवशी अर्धी सोलली आणि वरून गमाचा डाग पण दिसत होता. पिवळी हलली नाही. आठवडाभराने ती हाताने ओढली तर कापड ताणलं गेलं पण सुटलं नाही. संपली चर्चा.

कापड मात्र गांधीबागेत मिळालं नाही. एवढं मोठं कापड मार्केट, साडीपासून कफनापर्यंत सगळं, पण रूफ लायनिंग म्हटल्यावर दोन दुकानदारांनी मला पडद्याचं कापड दाखवलं. ते परत त्या सीटकव्हरवाल्याकडेच मिळालं. "फोमवाला चाहिये ना?" म्हणाला, ४२० रुपये मीटर, दीड मीटर घेतलं. बिस्किट रंगाच्या त्याच्याकडे तीन छटा होत्या, त्या गाडीच्या छताला लावून बघितल्या. एकही जुळली नाही, त्यातली कमी वाईट घेतली.

दुसरा रविवार. गच्चीवर प्लायचा तुकडा, त्यावर वर्तमानपत्र. हा गम लावायची रीत अशी की दोन्हीकडे लावायचा, फळीलाही आणि कापडाच्या फोमलाही, पातळ, जुन्या प्लॅस्टिक कार्डाने ओढून. मग थांबायचं. हे थांबणं लोकांना जमत नाही. दहा-पंधरा मिनिटं, हवेवर आहे. बोटाच्या मागच्या बाजूने, म्हणजे पेराने हळूच टेकवून बघायचं, तार आली तर अजून ओला आहे, नुसतं चिकटल्यासारखं वाटलं पण बोटाला काही आलं नाही की तयार. ओला असताना चिकटवला तर गम फोममधून झिरपून कापडावर येतो आणि तो डाग कडक होतो, कायमचा. आणि तयार झाल्यावर एकदा टेकलं की टेकलं, उचलून परत लावू म्हणायची सोय नाही. म्हणून सगळं एकदम नाही, कापड अर्धं मागे दुमडून ठेवायचं, अर्ध्या फळीचं काम करायचं, मग दुसरं अर्धं. मध्यापासून बाहेर तळव्याने फिरवत न्यायचं, चपातीच्या लाटण्याने नाही, लाटण्याने फोम चपटा होतो आणि पट्टे दिसतात. वास जबरदस्त येतो, डोकं गरगरतं, आणि वाफ पेट घेणारी असते, म्हणून संध्याकाळी आई उदबत्ती घेऊन तुळशीपाशी यायला निघाली तर मी जिन्यातच अडवलं. तिने दाराबाहेरूनच तुळशीला हात जोडले.

दिसायला अप्रतिम झालं होतं. एक सुरकुती नाही. मी फोटो काढून भावाला पाठवला, त्याने अंगठा पाठवला. काकांना बोलावलं, काच काढली, शेड घालायला गेलो, पुढून आत शिरली, मागे ढकलली आणि चार बोटं जाऊन थांबली. जोर केला तर कड दबून कुरकुर आवाज. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी आणली. जुन्या कापडासकट कडेची जाडी होती साधारण ५ मिलिमीटर, मी नशिबाने जुना तुकडा फेकला नव्हता. माझी झाली होती ९. हिशोब सोपा आहे, फळी ३, वरून फोमसकट कापड ३ आणि कडेवरून दुमडून खाली नेलेलं परत ३. शेडला मागे जायला छत आणि खालचा ट्रे, म्हणजे सनरूफची चौकट, यांच्यामध्ये जेवढी फट असते ती कंपनीने मोजून ठेवलेली असते, तिला माझ्या सुंदर कामाशी काही घेणंदेणं नाही.

त्या रात्री मी जेवताना फार बोललो नाही. आईने शेड उलटसुलट करून बघितली, कडेला अंगठा आणि बोटात धरून चिमटली, जशी ती ब्लाउजपीस बघते तशी, आणि म्हणाली, "अरे, गोधडीची किनार दुमडतानी आतला कापूस काढून घेतात ना, नाही तर सुई जाते का त्यातून? याचाही काठाचा काढून टाक." एवढंच. तिला टॉर्क्स माहीत नाही, रेल माहीत नाही, पण कड जाड का झाली हे तिने दोन सेकंदात सांगितलं आणि मी दोन रविवार त्या फळीशी झटत होतो.

नवं कापड उपटलं. ताज्या फोमचा थर जुन्यापेक्षा जास्त चिवट निघाला, परत ब्रश, परत दीड तास. परत त्याच दुकानात, परत दीड मीटर. तो म्हणाला, "और एक गाडी है क्या?" मी म्हटलं हो.

तिसऱ्या रविवारी आई स्टूल घेऊन गच्चीवरच बसली. आधी कापडावर फळी उलटी ठेवून खडूने आखून घेतलं, चारही बाजूंना दुमडायला जागा सोडून. मग कड जिथे येणार तिथे चार सेंटिमीटरचा पट्टा, दोन वरच्या अंगाला आणि दोन खालच्या, तेवढ्यातला फोम काढायचा. लाकडी ठोकळ्याला ६० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून घासला की फोम भुरभुर उडतो आणि कापड राहतं. पण एकदम थांबवायचा नाही, आत जाता जाता हात हलका करत न्यायचा, नाहीतर वरून कापडावर पायरीसारखी रेघ दिसते. एका ठिकाणी मी जास्त घासलं आणि कापडाला जाळी पडली, ती बाजू मागे टाकली, मागची बाजू कोण बघतंय.

कापडाचा ताण पण तिनेच बघितला. दोन्हीकडून ओढून दाखवलं, आडवं जास्त ताणतं, उभं कमी. शेडला बोट घालायचा जो खळगा असतो, तिथे कापड आत बसायला ताणावं लागतं, म्हणून ताणणारी बाजू त्या खळग्याच्या लांबीला आडवी येईल अशी ठेवली. पहिल्या वेळी हे मी नशिबावर सोडलं होतं. खळग्यात कापड आधी बोटांनी दाबून बसवायचं, मग बाजूचं. खळग्यात बसणारी प्लॅस्टिकची वाटी मागून लॉकने बसते, त्यासाठी कापडाला भोक पाडायचं नाही, फुलीसारखा छेद द्यायचा आणि चार पाकळ्या आत दुमडायच्या. कोपऱ्यावर कापड गोळा होतं तिथे तिने त्रिकोणी कातरे मारले, खटखट, चष्मा न लावता. खाली दुमडलेल्या कडेला कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर ठेवलं. सकाळी पट्टी लावली, ५ ला अगदी थोडं जास्त.

शेड बाहेर होती तोवर पाणी जायची भोकं पण साफ केली. ट्रेच्या चारही कोपऱ्यांत एकेक असतं, सनरूफ म्हणजे पाणी अजिबात आत येणार नाही अशी काही भानगड नसते, थोडं येतंच, ते या नळ्यांतून खाली जातं, पुढचं दाराच्या बिजागराजवळ आणि मागचं मागच्या चाकाजवळ पडतं. माझं पुढचं डावं गच्च होतं, कडुनिंबाच्या काड्या आणि काळा चिखल. पंक्चरवाल्याकडची हवा मारू नका, आत कुठेतरी नळीचा सांधा सुटला तर पाणी थेट पायाखालच्या कार्पेटमध्ये. मी गवत कापायच्या मशिनची नायलॉनची दोरी हळूहळू आत सरकवली, मग अर्धा पेला पाणी ओतलं. खाली दाराशी आधी थेंब, मग काळी धार लागली. त्याचा आनंद कापड चिकटल्यापेक्षा जास्त झाला, खोटं कशाला बोलू. रेलमधलं जुनं काळं ग्रीस चिंधीने पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं, अगदी पुसल्यासारखं, थापायचं नाही, धूळ धरतं.

शेड घातली. मागे ढकलली. गेली. परत पुढे, परत मागे, असं मी वीसेक वेळा केलं असेल, काका म्हणाले पुरे, झिजेल.

काच बसवताना मार्करच्या रेघांनी वाचवलं. तरी शेवटचं बारीक जुळवावं लागतंच. काचेची पुढची कड छतापेक्षा किंचित खाली, मिलिमीटरभर, आणि मागची किंचित वर, म्हणजे वारा कडेवर आदळत नाही आणि शिट्टी वाजत नाही. एटीएम कार्ड आडवं धरून बघितलं. मग दहाची नोट काचेच्या कडेच्या रबरी बिडिंगमध्ये धरून काच बंद केली आणि ओढून बघितली, सगळीकडे सारखा अडथळा लागला पाहिजे. एका कोपऱ्यात नोट सहज सुटली, तो स्क्रू परत ढिला करून दाबून घट्ट केला. फ्यूज लावल्यावर काच अर्धीच उघडायला लागली, मी घाबरलो, मग मॅन्युअलमध्ये मिळालं की बटण बंदच्या दिशेला दाबून धरायचं, ती स्वतः एक फेरी मारून आपली जागा परत शिकते. नळीने वरून पाच मिनिटं पाणी मारलं, आत थेंब नाही.

खर्च लिहून ठेवलाय. कापड दोनदा मिळून १२६०, गम २४०, स्टार बिटचा सेट ३२०, ब्रश-मास्क-टेप-हातमोजे २१०, ग्रीस १५०. एकूण २१८०. बायकोने लगेच हिशोब केला, साडेतीन हजारांत तो करून देत होता म्हणजे वाचले १३२०, भागिले तीन रविवार, रविवारचे ४४० रुपये, मजुरी यापेक्षा जास्त असते. मी म्हटलं बिट सेट तर कायमचा राहिला ना. ती म्हणाली त्याने अजून काय काढणार आहात.

रंग शेवटी जुळला नाहीच, छत बिस्किट आणि शेड जरा राखेकडे झुकलेली, पण ज्याला सांगितलं नाही त्याला दिसत नाही. उजव्या मागच्या कोपऱ्यात वाटाण्याएवढा एक फुगा आहे, तिथे बहुतेक गम ओला असताना मी घाई केली. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, होऊन गेला, गाडी ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये रोज आठ तास भाजली, फुगा वाटाण्याचा वाटाणाच आहे, चणा झाला नाही.

परवा आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. ती नेहमी मागे बसते. येताना सिग्नलला थांबलो होतो तेव्हा तिने हात वर केला आणि डोक्यावरच्या मुख्य छताचं कापड बोटांनी दाबून बघितलं, आधी एकदा, मग थोडं बाजूला, मग परत. "इथं पोकळ लागून राह्यलं रे," म्हणाली. मी आरशात बघितलं तर ती बोटं चोळत होती, बोटांवर पिवळं काहीतरी होतं. पाठीमागून हॉर्न वाजला, मी गिअर टाकला.